पंचवीस हजारांतली एक

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असं संपादक मंडळानं मला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी मिल मजूर माणूस. शिक्षण दहावीपर्यंत, तेही रात्रशाळेतलं. पुढचं जे काही वाचलं ते चळवळीच्या वाचनालयात आणि पाळी सुटल्यावर. पण २० जुलैच्या संध्याकाळी आपल्या विहाराच्या संग्रहालयात वस्तीतल्या बायांनी जे नाटक केलं, त्याची हकीकत कुणीतरी लिहून ठेवली पाहिजे असं मला वाटत होतं. आपल्या लोकांनी केलेल्या गोष्टी आपणच लिहिल्या नाहीत, तर त्या घडल्याच नाहीत असं धरलं जातं. म्हणून लिहायला बसलो.

नाटक कसं झालं हे सांगण्याआधी ते कशावर होतं ते सांगतो, कारण नवीन पिढीला तो इतिहास ठाऊक असेलच असं नाही.

नागपूरच्या बाया

नागपूर म्हटलं की आपल्याला १४ ऑक्टोबर १९५६ आठवतो. दीक्षाभूमी आठवते. ते बरोबरच आहे. पण दीक्षेच्या आधी चाळीसेक वर्षं या शहरात आपल्या माणसांनी, आणि बायांनीही, जमीन नांगरून ठेवली होती. ती नांगरणी झाली नसती तर पीक कुठून आलं असतं?

जाईबाई चौधरी यांचं नाव प्रत्येक घरात माहीत असायला हवं. ही बाई कामठी आणि नागपूरच्या दरम्यान डोक्यावर ओझी वाहायची, हमाली करायची. तिला थोडं लिहितावाचता येतं हे ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंच्या ध्यानात आलं आणि त्यांनी तिला मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून घेतलं. शिकवणारी बाई कोणत्या जातीची आहे हे कळल्यावर सवर्ण पालकांनी पोरं काढून घेतली. जाईबाईंना ती नोकरी सोडावी लागली. त्या रडत घरी बसल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरातच आपल्या मुलींसाठी संत चोखामेळा यांच्या नावानं शाळा काढली. हमाली करणाऱ्या बाईनं शाळा काढली, हे वाक्य मी स्वतःशी दोनदा म्हणतो, तेव्हा कुठे त्याचा अर्थ कळतो.

पुढे १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. शिकलेल्या, मोठ्या घरच्या बायांची ती परिषद. जाईबाई आणि आपल्या काही बाया तिथं गेल्या. जेवणाच्या वेळी त्यांना वेगळं बसवलं गेलं. स्त्रियांच्या हक्कांची परिषद आणि पंगत मात्र वेगळी! आपल्या बायांनी हा अपमान गिळला नाही. १ जानेवारी १९३८ रोजी त्यांनी सभा घेऊन जाहीर निषेध केला. आपल्याला स्वतःची वेगळी परिषद का भरवावी लागली, याचं उत्तर या एका प्रसंगात आहे असं मला वाटतं.

ती परिषद भरली २० जुलै १९४२ रोजी, नागपुरातच, मोहन पार्कात. १८ ते २० जुलै असे तीन दिवस दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद होती. एन. शिवराज अध्यक्ष होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना तिथंच झाली. आणि त्याच मांडवात महिलांची स्वतंत्र परिषद झाली. स्वागताध्यक्ष कीर्तिबाई पाटील. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. परम पूज्य बाबासाहेब स्वतः हजर होते. बायांची संख्या पंचवीस हजारांच्या आसपास होती, असं त्या वेळी नोंदलं गेलं आहे.

थोडं थांबून या आकड्याचा विचार करा. १९४२ साल. लढाईचा काळ, महागाई. मजुरी बुडवून, लेकरं काखेत घेऊन पंचवीस हजार बाया एका जागी जमल्या. आज सभेला माणसं आणायला गाड्या कराव्या लागतात.

आणि त्यांनी ठराव काय केले? आमच्या नाटकाचा जीव या ठरावांतच होता, म्हणून ते सांगतो. बाईला घटस्फोटाचा हक्क मिळावा. एक बायको असताना दुसरी करण्याची चाल कायद्यानं बंद व्हावी. मिल, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत काम करणाऱ्या बायांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, इजा झाली तर पुरेशी भरपाई आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर महिना निदान १५ रुपये पेन्शन मिळावं. मिलमध्ये जिथं बाया काम करतात तिथं त्यांच्यावर देखरेखीला बाईच नेमावी. प्रत्येक प्रांतात सरकारी खर्चानं मुलींची वसतिगृहं काढावीत. कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत बायांसाठी जागा राखून ठेवाव्यात.

हे १९४२ सालचं बोलणं आहे. तेव्हा देश स्वतंत्र व्हायला पाच वर्षं बाकी होती आणि हिंदू विवाह कायदा व्हायला तेरा वर्षं. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्या बिलातल्या मागण्या आपल्या बायांनी नऊ वर्षं आधी मोहन पार्कात ठराव करून मांडल्या होत्या, हे सांगायला विसरतो.

संग्रहालयात आज्या कुठे आहेत?

आपल्या विहाराचं संग्रहालय म्हणजे मागची पत्र्याची खोली, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जतन केल्या आहेत. तिथं सहल गेली होती तेव्हा परत येताना बसमध्येच ठरलं, की आपल्या वस्तीचं असं काही आपणही करायचं. मोठ्या माणसांच्या वस्तू आपल्याकडे नाहीत, पण आपल्या बापजाद्यांच्या आहेत. लोकांनी माळ्यावरून काढून काढून आणल्या. मिलचे बिल्ले, समता सैनिक दलाची काठी, दीक्षेच्या वेळचा फोटो, पितळेचा गुंड, जातं, बिडी वळायचं सूप, जुन्या सभांची पत्रकं. एका कुटुंबानं काचेचं कपाट दिलं. भिंतीवर फोटो लागले.

एक दिवस आठवीतली एक मुलगी शाळेची वही घेऊन आली. सगळे फोटो मोजले. मला म्हणाली, "काका, एकवीस फोटो आहेत. माता रमाई आणि सावित्रीमाई सोडल्या तर एकही बाई नाही. आपल्या वस्तीतल्या आज्या कुठे आहेत?"

मी तिला काहीतरी उत्तर दिलं, की त्या काळी बाया फोटो काढत नसत वगैरे. पण ते उत्तर मला स्वतःलाच पटलं नाही. जातं कुणी ओढलं? सुपात बिड्या कुणी वळल्या? गुंड कुणाच्या डोक्यावर होता? वस्तू तर अर्ध्याहून जास्त बायांच्याच होत्या. नावं मात्र पुरुषांची होती. "अमुक यांच्या घरून प्राप्त."

महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला आणि तिथंच नाटकाची कल्पना पुढे आली. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं. गावोगाव फिरून, चळवळीतल्या बायांना भेटून त्यांनी ते लिहिलं. आपल्या वाचनालयात त्याची एक प्रत आहे, पानं सुटलेली. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांबद्दल आज आपण जे बोलतो त्यातलं बरंचसं या दोघींच्या कष्टामुळे आहे. त्याच १९८९ मध्ये सुषमा देशपांडे यांनी 'व्हय मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग सुरू केला होता. तेव्हा बायांचा इतिहास बाईच्या तोंडून रंगमंचावर येणं ही नवी गोष्ट नव्हती. आपल्याकडे तर जलशांची परंपरा आहे. फक्त जलशात पूर्वी बायांच्या भूमिकाही पुरुषच करायचे. इथं बायाच असणार होत्या. सात जणी तयार झाल्या. एक अंगणवाडी सेविका, तिघी धुणीभांडी करणाऱ्या, एक बिडी कामगार, एक नर्सबाई आणि एक कॉलेजची पोरगी.

माझी संहिता

नाटक लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण तारखा मला पाठ असतात. मी पंधरा दिवस जागून चाळीस पानं लिहिली. पहिल्या वाचनाला सगळ्या शांत बसून ऐकत होत्या. मला वाटलं, आवडलं. वाचून झाल्यावर बिडी कामगार ताई म्हणाल्या, "भाऊ, हे तर भाषण झालं. नाटक कुठाय?"

सगळ्या हसल्या. मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण घरी जाऊन पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं, की माझ्या नाटकात बाया फक्त उभ्या राहून भाषणं करत होत्या. त्या तिथवर आल्या कशा, लेकरं कुणाजवळ ठेवली, घरच्यांनी जाऊ दिलं का, त्या दिवशीची मजुरी कुणी भरून दिली, यातलं काहीच नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं, आणि माहीत नाही हेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग आम्ही पद्धत बदलली. कॉलेजच्या पोरीनं वही घेतली आणि सातही जणी वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांकडे जाऊन बसू लागल्या. मी फक्त तारखा तपासून द्यायचो. ज्या गोष्टीला पुस्तकाचा आधार होता ती एका रंगाच्या शाईनं आणि ऐकीव होती ती दुसऱ्या रंगाच्या शाईनं लिहायची, असं ठरलं. ही युक्ती त्या पोरीची. मी तीस वर्षं पत्रकं लिहिली, मला कधी सुचली नाही.

दोन गोष्टींवर फार चर्चा झाली. पहिली, बाबासाहेबांची भूमिका कुणी करायची? काहींचं म्हणणं, कोट-चष्मा घालून कुणाला तरी उभं करू, लोकांना आवडेल. बायांनी नको म्हटलं. त्यांनी असं बसवलं, की परिषद संपवून बाया पायी घराकडे निघाल्या आहेत आणि वाटेत एकमेकींना सांगताहेत, की साहेब काय बोलले. एक म्हणते, पोरापोरींना शिकवा म्हणाले. दुसरी म्हणते, लग्नाची घाई करू नका म्हणाले. तिसरी म्हणते, नवऱ्याची बरोबरीनं मैत्रीण हो, दासी होऊ नको असं म्हणाले. चौथी विचारते, "हे घरी जाऊन सांगशील काय त्याले?" आणि सगळ्या थांबतात. त्या दिवशी त्यांनी बायांना केलेल्या उपदेशाचा गाभा हाच होता, तो या चालण्यातून पूर्ण आला. कुणाला कोट घालावा लागला नाही.

खऱ्याखोट्याचा वाद

दुसरी चर्चा जास्त कडू झाली. ती लिहू की नको असं मला वाटत होतं. पण ज्यांच्याशी वाद झाला त्यांनीच लिहा म्हटलं, म्हणून लिहितो.

वस्तीतल्या एका घरात अशी गोष्ट सांगितली जाते, की त्यांच्या पणजी १९४२ च्या परिषदेला गेल्या होत्या. त्यांच्या पणतवाचा आग्रह होता, की नाटकात आमच्या पणजी सुलोचनाबाईंच्या शेजारी उभ्या राहून भाषण करताना दाखवा. तरुण, हुशार मुलगा आहे, विहारासाठी खूप राबतो. मी स्पष्ट नाही म्हटलं. भाषण केल्याची नोंद कुठंच नाही. नसलेली गोष्ट दाखवली, तर उद्या असलेल्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. आपला इतिहास खोटा ठरवायला टपलेले लोक काय कमी आहेत?

तो म्हणाला, "दादा, मोठ्या लोकांच्या आज्यांनी नुसता चरखा फिरवला तरी पुस्तकं निघतात. आमच्या पणजीनं एक वाक्य बोललं असं दाखवलं तर काय बिघडलं?"

त्याच्या बोलण्यात दम होता. मला उत्तर देता आलं नाही म्हणून मी आवाज चढवला. तो उठून गेला. पंधरा दिवस विहारात आला नाही.

शेवटी महिला मंडळाच्या ताईंनी आम्हा दोघांना हाताला धरून त्याच्याच घरी नेलं, त्याच्या आजीकडे. आजीनं नव्वदी ओलांडली आहे. परिषदेच्या वेळी ती नऊ-दहा वर्षांची होती आणि मायेसोबत गेली होती. नजर कमी झालीय, पण बोलणं खणखणीत आहे. आम्ही दोघांनी आपापली बाजू सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली,

"माही माय भाषण द्यायले नव्हती गेली, बापा. आयकाले गेली होती. आम्ही पाहाटेच निघालो, पायदळ. लहाना भाऊ तिच्या काखेत. तिनं दोन दिवसाची मजुरी सोडली होती. मले पाण्याचं लय आठवते, तहान लागली होती अन् मायनं मले उचलून दाखवलं, ते पाय साहेब. मले त काही दिसलं नाही, लोकायचे डोक्शेच दिसले. घरी आल्यावर माय बाबाले म्हणे, पोरीले शाळेत टाकतो. बाबानं मारलं तिले. पण टाकलं तिनं मले शाळेत. मी चवथी शिकली. आयकणं काय कमी काम हाय काय?"

आम्ही दोघंही खाली मान घालून बसलो. तिच्या नातवाच्या डोळ्यात पाणी होतं, माझ्याही. पणजीला एक खोटं वाक्य द्यायला तो निघाला होता आणि ते खोटं आहे एवढंच सिद्ध करायला मी निघालो होतो. खरी गोष्ट दोघांनाही माहीत नव्हती, आणि ती दोघांच्या गोष्टीपेक्षा मोठी होती.

पंचवीस हजारांतल्या भाषण करणाऱ्या किती? आठ, दहा, पंधरा. बाकीच्या साऱ्या ऐकणाऱ्या. पण घरी जाऊन मार खाऊनही पोरीला शाळेत घालणाऱ्या त्याच होत्या. परिषद मांडवात झाली आणि ठराव घराघरांत अमलात आले. हे कोणत्याही अहवालात छापलेलं नाही.

नाटकाचा पहिला प्रवेश तिथंच ठरला. पहाटेची वेळ, बाई, काखेत पोर, हाताशी मुलगी. मुलीची भूमिका त्या फोटो मोजणाऱ्या पोरीला दिली.

माझ्या घरची गोष्ट

आता एक गोष्ट माझ्या स्वतःची सांगतो.

माझी आई मिलमध्ये वाइंडिंग खात्यात होती. बॉबिनवरचं सूत कोनवर घ्यायचं, तुटला धागा की गाठ मारायची. हे काम बायांकडे असायचं, बोटं हलकी म्हणून. दिवसभर उभं राहून. नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, पुढे मॉडेल मिल आली, आणि आपल्या किती घरांच्या चुली मिलच्या भोंग्यावर पेटल्या ते मी सांगायला नको. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली, आज तिथं मॉल उभा आहे. मीही मिलमध्येच बदली म्हणून लागलो. ती बंद झाल्यावर बाहेरगावच्या सूतगिरणीत रिंग खात्यात गेलो. युनियनचं काम केलं. संपाची पत्रकं लिहिली. बोनस, बदली कामगार, बंद मिलची थकबाकी, या सगळ्यावर लिहिलं.

तालमीच्या वेळी मिलमधल्या देखरेखीला बाईच नेमावी हा ठराव आला. अंगणवाडीच्या ताईंनी विचारलं, "भाऊ, बायांनी हा ठराव कशापायी केला असंल?" मी सांगायला लागलो, की कामगार चळवळीच्या दृष्टीने वगैरे. माझी मोठी बहीण तालीम बघायला बसली होती. ती मधेच म्हणाली, "आईले विचारलं असतं तर समजलं असतं."

मग तिनं सांगितलं. आईच्या खात्यावरचा जॉबर बायांना कसा बोलायचा. लघवीला जायचं तरी त्याला विचारावं लागायचं आणि तो सगळ्यांसमोर हसायचा. एकदा आईनं त्याला सूत भरलेला कोन फेकून मारला. चार दिवस कामावरून बसवलं. घरी तिनं सांगितलं, ताप आहे. माझ्या जन्माच्या वेळी बाळंतपणाच्या रजेचे पैसे कापले गेले, तेव्हा ती कागद घेऊन तीन महिने हेलपाटे घालत होती आणि शेवटी तिनं ते मिळवले. तो कागद बहिणीजवळ अजून आहे.

हे मला बहिणीकडून छप्पन्नाव्या वर्षी कळलं. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. मी कामगारांचा कार्यकर्ता. माझ्या घरात एक कामगार चाळीस वर्षं होती. तिचा संप तिनं एकटीनं केला आणि जिंकला, आणि माझ्या कोणत्याच पत्रकात तो नाही. ती चुलीपुढे बसलेली असताना मी ओट्यावर बसून जगातल्या कामगारांबद्दल बोलायचो. तिला एकदाही विचारलं नाही, की माय, तुझ्या खात्यात काय चाललंय.

आजीचंही तेच. माझी आजी घरी बिड्या वळायची. १९४२ ला ती नागपुरातच होती. मोहन पार्कात गेली असेल का? विचारायला आता कुणी उरलं नाही.

आईचा तो कागद बहिणीनं संग्रहालयाला दिला. कपाटात दुसऱ्या फळीवर आहे. खाली आईचं नाव आहे. माझं नाही.

२० जुलै

प्रयोगाच्या दिवशी दुपारपासून पाऊस लागला. मैदानात चिखल झाला, म्हणून मांडव सोडून संग्रहालयाच्या खोलीतच नाटक करायचं ठरलं. कपाटं भिंतीला लावली. माणसं खोलीत, दारात, व्हरांड्यात दाटीवाटीनं बसली. बुद्धवंदना झाली आणि नाटक सुरू झालं. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की बायांना ओरडून बोलावं लागलं. दहा मिनिटांनी लाइट गेली. कुणीतरी वंदनेच्या मेणबत्त्या आणल्या, पोरांनी मोबाइलचे टॉर्च धरले. नाटक थांबलं नाही.

जाईबाईंच्या प्रवेशात धुणीभांडी करणाऱ्या ताई होत्या. वेगळ्या पंगतीत बसवलं जातं तो प्रसंग. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि उठून उभ्या राहिल्या. संहितेत तिथं दोन ओळी होत्या, त्या त्यांनी म्हटल्याच नाहीत. नंतर मी विचारलं, विसरलात काय? म्हणाल्या, "नाही भाऊ. मी ज्या घरी कामाले जातो तिथं माहा कप वेगळा हाय. मले बोलणं सुचलं नाही."

शेवटच्या प्रवेशात एकेक ठराव वाचायचा आणि हात वर करून मंजूर करायचा, एवढंच होतं. पण घटस्फोटाचा ठराव वाचल्यावर प्रेक्षकांतून एक बाई म्हणाली, "हा भेटला." त्यानंतर बसलेल्या बाया प्रत्येक ठरावाला उत्तर देऊ लागल्या. कुणी शिकवलं नव्हतं. दुसरी बायको करायची नाही? "कायदा झाला, माणसं अजून ऐकत नाहीत." रजा? "कारखान्यात हाय. आमाले एक दिवस नाही गेलं की पगार कापते." वसतिगृहं? "झाले, पण जागा पुरत नाही." राखीव जागा? सगळ्या नगरसेविका झालेल्या एका ताईंकडे बघू लागल्या. त्या म्हणाल्या, "महानगरपालिकेत अर्ध्या भेटल्या. लोकसभा-विधानसभेचा कायदा २०२३ ले झाला, अमलात यायचा हाय." पेन्शन? इथं हशा पिकला. १९४२ साली बायांनी महिना १५ रुपये मागितले होते. मिलच्या माणसांचं किमान पेन्शन २०१४ साली १००० रुपये ठरलं. तेव्हाच्या पंधरा रुपयांत किती धान्य यायचं आणि आताच्या हजारात किती येतं, याचा हिशोब एका म्हाताऱ्या बाईनं तिथंच बोटांवर मांडायला घेतला.

नव्वदीची आजी पुढे खुर्चीवर बसली होती. नाटक संपल्यावर मुलीचं काम केलेली पोरगी तिच्या पाया पडायला गेली. आजीनं तिचा चेहरा हातानं चाचपला आणि विचारलं, "तुले दिसले काय साहेब?" पोरगी म्हणाली, "नाही आजी. डोकेच दिसले." आजी खूप हसली.

तुम्हाला विनंती

बंधू-भगिनींनो, लेख लांबला. नाटक चाळीस मिनिटांत संपलं, पण त्यातून एक काम उरलं आहे, ते सांगून थांबतो.

संग्रहालयात आता एक जाड वही ठेवली आहे. तिच्यात वस्तीतल्या बायांची नावं लिहायची आहेत. पणजी, आजी, माय, मावशी, आत्या. कुठं काम केलं, कोणत्या सभेला गेल्या, कोणत्या संपात, कोणत्या सत्याग्रहात, दीक्षेच्या दिवशी कुठे होत्या. कुणी सांगितलं आणि कोणत्या तारखेला लिहून घेतलं, हेही लिहायचं. पुराव्याचं असेल ते वेगळं, ऐकीव असेल ते वेगळं. काहीही फुगवायचं नाही. आपल्या बायांचं खरं आयुष्य पुरेसं मोठं आहे, त्याला कुणाच्या उसन्या भाषणाची गरज नाही.

ज्यांच्या घरात अजून म्हातारी माणसं आहेत त्यांनी आजच रात्री जेवणानंतर त्यांच्याजवळ बसावं आणि विचारावं. सुट्टी बघून, सणावाराला, असं म्हणू नका. मीही तसंच म्हणत होतो.

काचेचं कपाट देणारं कुटुंब आणि तो पणतू, यांचे आभार मानायचे राहिले. वहीतलं पहिलं पान त्यानंच लिहिलं आहे. पणजीच्या नावापुढे लिहिलंय, "२० जुलै १९४२ च्या परिषदेला श्रोता म्हणून हजर. मुलीला शाळेत घातलं." खाली सांगणाऱ्या आजीची सही आहे. चौथी शिकलेल्या हाताची, थरथरती पण वळणदार.

नमो बुद्धाय. जयभीम.